ॲपवाल्याची सही

शपथेवर सांगतो, ही गोष्ट पूर्ण खरी आहे. निदान अर्धी तरी.

मिरजेच्या एका बँकेत कर्जविभाग सांभाळणाऱ्या कुरुंदवाडेबाईंची खुर्ची जायची वेळ आली होती. ॲप कंपनीचा मालक ऋत्विज संचालकांना सांगत होता, "मॅडम एका अर्जाला आठ दिवस लावतात. आमचं ॲप दोन मिनिटांत माणूस ओळखतं."

"आणि कर्ज बुडालं तर?" बाईंनी विचारलं.

"तोटा बँकेचा. पण बुडणारच नाही, मॅडम."

बाईंनी जामिनाचा फॉर्म पुढे सरकवला. "मग पहिल्या कर्जदाराला तुम्हीच जामीन राहा."

ऋत्विजने फॉर्म दोनदा वाचला. "विचार करायला आठ दिवस द्या."

"मलाही तेवढेच लागतात," बाई म्हणाल्या.

संचालक हसले, बाईंची खुर्ची राहिली. यात आठ दिवस तेवढे माझ्या पदरचे. त्याने महिना मागितला होता.