जमिनीचा उपास

कुण्या एका काळी रंगाचा कारखाना बंद पडला आणि मागे विषाने भरलेली जमीन उरली. तिचं काय करायचं, म्हणून पाखरं जमली. टिटवीची घाई सगळ्यांत मोठी. ती भुईवरच अंडी घालते, आणि तिचे दिवस भरत आले होते.

"वरून चांगली माती पसरू, सारवून घेऊ, झालं!" कावळा म्हणाला.

जमीन थकल्या आवाजात म्हणाली, "अरे बाबा, पिलं उकरतील ना! खालचं विष चोचीत जाईल. त्यापेक्षा मला उपास करू द्या. मोहरी पेरा, ती विष ओढून घेईल. तिचा दाणाही कुणी खायचा नाही. उपटायची, पक्क्या हौदात कोंडायची, पुन्हा पेरायची, असं कैक वर्षं."

"तोवर टिटवीने अंडी पोटातच ठेवायची का?" कावळ्याने टोमणा मारला.

टिटवी दूरच्या खडकाळ माळावर गेली. तिथे उन्हात अंडी उबवता उबवता ती पार शिणली.

पिलं उडू लागली, तशी ती चोचीत मोहरी घेऊन परतली.

"बाई गं, तुझी अंडी तर उबवून झाली," जमीन म्हणाली.

"माझी झाली," टिटवी दाणे टाकत म्हणाली, "नातींची व्हायची आहेत."