गालावरचा उजेड

"...मग मीटर खोटं बोलतं का, उस्ताद?"

हणमंतने निगेटिव्ह टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

दस्तगीर उस्तादांनी ते कडेला धरून अलगद उचललं आणि खिडकीकडे केलं. मिरजेतले निम्मे फोटोग्राफर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यात हणमंत सगळ्यांत हुशार. हे त्यालाही माहीत होतं, तेवढीच काय ती अडचण.

"कोणाचा फोटो?"

"आईचा."

उस्तादांनी मान वर केली. शेवंताबाई फोटोला बसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या फोटोत त्यांचा चेहरा काळाठिक्कर आला होता, आणि सासरचं कोणीतरी हसून बोललं होतं, "नवरीचे नुसते दातच आलेत की!" तेव्हापासून कॅमेरा दिसला की बाई आत जायच्या. मुलगा फोटोग्राफर झाला, तरीही.

"मग आता कशा बसल्या?"

"मी शब्द दिला होता. म्हटलं, नवं मीटर आणलंय, उजेड बरोबर मोजतं. मी चुकणार नाही."

"आणि फोटो बघून काय म्हणाल्या?"

हणमंत खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हणाली... असू दे रे. मी अशीच येते."

उस्तादांनी निगेटिव्हच्या मागे आपलं बोट धरलं.

"ये इकडं. मागची भिंत दिसते?"

"दिसते. चुन्याची पांढरी, म्हणून निगेटिव्हवर चांगली काळी, दाट उतरलीय."

"आणि आईच्या तोंडाच्या जागी?"

हणमंतने वाकून पाहिलं. तिथे फिल्म कोरी होती, काचेसारखी.

"...तुमचं बोट दिसतंय."

"हं."

"प्रिंट करताना उजळून घेतो ना, उस्ताद."

"जिथं काही उतरलंच नाही, तिथनं काय वर काढशील?"

हणमंत पुन्हा त्या कोऱ्या जागेवर वाकला.

"मीटर कुठं धरलं होतंस?"

"कॅमेऱ्यापाशी."

"तिथनं त्याला काय दिसलं?"

"आई..." तो थांबला. "भिंत."

"उन्हातली पांढरी भिंत. ते म्हणालं, उजेड रगड आहे, हात आखडता घे. बिचारं खरं तेच बोललं."

उस्तादांनी चपला पायात सरकवल्या. "चल."

शेवंताबाई दाराशी त्याच पांढऱ्या भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. दोघांना बघून त्यांनी पदर सावरला. हणमंतच्या गळ्यातला कॅमेरा त्यांना आधी दिसला.

"उस्ताद, तुम्ही तरी सांगा याला. आता या वयात कशाला ते?"

"तुमच्यासाठी नाही आलो, वहिनी. पोराचं शिक्षण अर्धं राहिलंय. जरा बसा तशाच."

पोराच्या शिक्षणाला आई नाही कशी म्हणणार? त्या बसल्या.

हणमंतने मीटर काढलं.

"जवळ जा," उस्ताद म्हणाले.

तो पुढे झाला.

"अजून."

"उस्ताद, आता तर..."

"अजून."

शेवटी तो आईसमोर उकिडवा बसला आणि मीटर तिच्या गालाशी नेलं. इतक्या जवळून त्याने तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं. भुवईत पांढरे केस आले होते. हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके होते, त्यांतला एक आता सुरकुतीत बुडाला होता.

"काय करतोस रे?"

"उजेड मोजतोय."

शेवंताबाई हसल्या. "माझ्या तोंडावर कसला आलाय उजेड?"

हणमंतने मीटरवर पाहिलं. काटा हलला होता.

"आहे गं," तो म्हणाला. "आहे की."

तो कॅमेऱ्याकडे परत आला, काट्याप्रमाणे आकडा लावला, आणि तसाच थांबला.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"मीटरला सगळं जग राखाडीच हवं असतं. भिंत बघून ते म्हणालं, कमी उजेड दे. आता आईचा गाल बघून म्हणतंय, जास्त दे. त्याचं ऐकलं तर..."

"तर?"

"आई गोरी येईल."

"येऊ दे की!" शेवंताबाई चटकन म्हणाल्या. "एकदा तरी!"

उस्ताद सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. हो म्हणाले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत.

हणमंतने आईकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग उजेड थोडा कमी करत लेन्सची कडी एक घर मागे फिरवली.

"नको, आई. ती दुसरीच कोणीतरी होईल."

"वेडा आहेस," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रिंट नेऊन आईच्या हातात दिली. भिंत पार उडून गेली होती, नुसता पांढरा कागद राहिला होता. पण चेहरा होता. डोळे होते, गोंदणाचे ठिपके होते, आणि सावळ्या गालावर चकाकी होती.

शेवंताबाई फोटो घेऊन दारात, उजेडात गेल्या. काही लागलेलं नसताना त्यांनी तो पदराने पुसला.

"ही मी नाही."

हणमंतने प्रिंट परत घ्यायला हात पुढे केला.

"ही माझी आई आहे रे..." त्या म्हणाल्या. "तिचा एकसुद्धा फोटो नव्हता कुठं."

त्यांनी तो फोटो मग हातातून सोडलाच नाही. स्वयंपाकघरातही घेऊन गेल्या.

हणमंत तडक उस्तादांकडे आला. त्याने त्यांच्या पायांना हात लावला. डोळे अजून ओलेच होते, पण छाती पुन्हा थोडी फुगली होती.

"आलं ध्यानात, उस्ताद. आता नाही चुकणार."

उस्तादांनी त्याचा कान धरला, अगदी हलका.

"चुकशील रे, बाळा... पण आता जवळून चुकशील."