उमरावाच्या पायाखालचं जातं

फार मागं, युरोपातल्या एका खोऱ्यावर काउंटाचा अंमल होता. काउंट म्हणजे तिकडचा उमराव. त्यानं नदीवर पाणचक्की बांधली आणि हुकूम सोडला, "दळायचं ते माझ्याच चक्कीवर. चौथा हिस्सा पीठ माझं." एवढ्यानं पोट भरलं नाही मेल्याचं! घराघरातली जाती ओढून आणली आणि आपल्या दालनात फरशी म्हणून बसवली.

त्यात विधवा गिझेलाचंही जातं होतं. ते म्हणायचं, "अरे, तीन लेकरांची भाकर दळलीय मी. माझ्यावर पाय देतोस?"

काउंट बूट आपटून हसायचा. "दगडानं दगडासारखं पडून राहावं."

अशी सात वर्षं गेली. एका हिवाळ्यात नदी गोठली, चक्की थांबली. गावाची पोरं आठ दिवस नुसत्या उकडलेल्या गव्हावर होती, तेव्हा हा गप्प. स्वतःच्या ताटातली भाकर संपली, तसा ओरडला, "ते जातं उपटा! गिझेलाला बोलवा!"

गिझेलानं गहू घातला, खुंटा फिरवला. गहू आख्खाच बाहेर आला.

"नीट दळ की गं!"

"तिला काय दटावतोस?" जातं कडाडलं. "माझे दात तुझ्याच बुटांनी झिजवलेस. आता खा गावासारखा उकडून!"