बिनफण्याची धामण

सागाच्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे तुमच्या पुस्तकात जिला साळिंदर म्हणतात तीच. अंगभर काटे, पुढे बोथट मोठे नाक, आणि स्वभाव इतका मऊ की शेजारी कुणी शिंकले तरी हीच आधी "माफ करा" म्हणे. तिला एकच नाद होता, चित्रे काढण्याचा. आपलाच गळलेला काटा ती हिरड्याच्या शाईत बुडवी, सागाचे रुंद वाळके पान पुढ्यात ओढी, त्यावर चौकटी आखी आणि एकेका चौकटीत गोष्टीचा एकेक तुकडा काढी. मुलांनो, तुम्ही ज्याला कॉमिक म्हणता ना, तेच हे. फक्त याला पिना मारलेल्या नसत.

तिच्याच बिळात, मागच्या खोलीत, एक धामण राहत असे. धामणीला उकरता येत नाही आणि साळूला उकरल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा हा शेजार दोघींनाही सोयीचा होता. धामण लांबलचक, पिवळसर आणि अगदी गरीब. तिला विष नव्हते, फणा नव्हता, आणि राग तर बहुधा ठाऊकच नव्हता. उंदरांचे तिच्याविषयीचे मत वेगळे होते, ते आपण समजू शकतो. पण बाकी कुणाला तिने दुखवल्याचे ऐकिवात नव्हते. साळूचे प्रत्येक पान आधी ती पाही. "या हरणाला पाच पाय झालेत गं," असे ती हळूच सांगे, आणि साळू जीभ चावून पाचव्या पायाचे झुडूप करून टाकी.

एका थंडीत ओढ्याच्या पाणथळीवर एक करकोचा उतरला. तो पार उत्तरेकडून आला होता, जिथे समुद्रसुद्धा गोठून दगड होतो. तिथल्या जुन्या देवांच्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. ढगांच्या गडगडाटाचा एक लाल दाढीवाला देव, फेकला की परत हातात येणारा त्याचा हातोडा, त्याचा गाडा ओढणारे दोन बोकड, आणि अख्ख्या पृथ्वीला वेटोळे घालून स्वतःची शेपटी तोंडात धरून बसलेला एक अक्राळविक्राळ साप. ऐकता ऐकता साळूचे काटे आनंदाने खडखडू लागले.

"पण हातोडा म्हणजे काय हो?" तिने विचारले.

"एक दांडा असतो. पुढे जड ठोकळा."

असली वस्तू साळूने जन्मात एकच पाहिली होती : ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांच्या हातातले धोपाटणे. झाले! तिचा वीर धोपाटणे घेऊन बर्फाच्या राक्षसांवर धावून गेला. दाढी हवी म्हणून तिने त्याला अस्वलाचे अंग दिले, पळसाच्या फुलांचा रंग चोळून केशरी उपरणे दिले आणि नाव ठेवले वीर गडगडे.

खालच्या गावात आठवड्याचा बाजार भरे त्या दिवशी माणसे जंगलाकडे फिरकत नसत. म्हणून त्या दिवशी साळू नवे पान करवंदीच्या जाळीवर अडकवी. पहाटेपासून तिथे दाटी होई. ससे यायचे, भेकरे यायची, आणि माकडांची पोरे तर एकमेकांच्या डोक्यावर बसून पान पाहायची. वीराने धोपाटणे फेकले की साळू मोठ्या अक्षरांत "कडाड्!" लिही, आणि सगळे जंगल "कडाड्!" म्हणून ओरडे. अस्वलाने तर जाईल तिथे सांगायला सुरुवात केली की हा वीर माझ्यावरच गेला आहे. मला त्या अस्वलाचा राग येत नाही. आपण तरी दुसरे काय केले असते?

होता होता गोष्टीत साप यायची वेळ झाली. पाहून काढावा असा साप घरातच होता.

"या बेलफळाला वेटोळं घाल," साळू म्हणाली. "ही पृथ्वी. आणि शेपटी तोंडात धर."

धामणीने शेपटी तोंडात धरली आणि "उं उं उं" असे काहीतरी म्हणाली. तिला गुदगुल्या होत होत्या. दोघी खूप हसल्या.

"आता जरा भयंकर दिस ना गं!"

धामणीने डोळे मोठे केले. त्याने ती भयंकर दिसली नाही, शिंक अडकल्यासारखी दिसली. मग साळूने काट्याचे टोक शाईत बुडवून मानेभोवती एक रुंद फणा काढला, आणि विष गळणारे दोन सुळे.

"हा फणा कुणाचा?" धामणीने विचारले.

"शोभेचा आहे गं. नुसत्या तुला पाहून कोण घाबरणार?"

"बरं बाई," धामण म्हणाली. मैत्रिणीच्या चित्रात आपण आहोत याचेच तिला अप्रूप वाटत होते. आणि खरोखरच फणा सोडला तर बाकी सगळे हुबेहूब तिचेच होते : ते गोल डोळे, ओठांवरच्या त्या काळ्या रेघा, अंगावरची ती जाळी.

ते पान जंगलाने डोक्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी धामण वारुळावर ऊन खात पडली होती, तेवढ्यात झाडावरून "कडाड्!" अशी आरोळी आली आणि एक खडा तिच्या शेजारी पडला. तिला वाटले, खेळ आहे. तिने मेल्याचे सोंगही करून दाखवले. तिसऱ्या दिवशी खडा पाठीत बसला.

"अरे, मीच ती, तुमच्या साळूमावशीची शेजारीण!" ती कळवळून म्हणाली. "बघा, मला फणा तरी आहे का?"

"फणा लपवलाय हिनं!" माकडांची पोरे ओरडली. "लबाड आहे! लपवलाय!"

आता नसलेला फणा दाखवायचा कसा? धामण बिळात परतली आणि तिने साळूला सगळे सांगितले.

"पोरं आहेत गं," साळू शाई ढवळत म्हणाली. "गोष्ट म्हणजे गोष्टच. उगाच मनावर घेतेस."

"माझ्या पोटात अंडी आहेत, साळू. या दिवसांत मला ऊन हवं असतं. बाहेर पडलेच नाही तर अंड्यांचं काय होईल?"

"दोनच पानं उरलीत. शेवटच्या पानावर साप मरतो, की संपलं सगळं."

"साप मरतो," धामण म्हणाली.

"म्हणजे चित्रातला."

"हो, चित्रातलाच," असे म्हणून धामण मागच्या खोलीत निघून गेली.

साळू वाईट नव्हती हो. पण तिला कौतुकाची चटक लागली होती. करवंदीच्या जाळीपाशी सगळे "साळूमावशी, पुढं काय?" म्हणून घेरत, तेव्हा मागच्या खोलीतले तिला आठवत नसे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शेवटून दुसरे पान लागले. वीर गडगडे धोपाटणे उगारून सापासमोर उभा, एवढ्यावर गोष्ट थांबली होती. साळू घरी आली तर बिळाच्या तोंडाशी दगडांचा हा ढीग, आणि भोवती माकडांची पोरे!

"हे कशाला रे?" तिने विचारले.

"शेवटचं पान लागलं की आपणही शेवट करायचा," माकडांची एक धाकटी पोर आनंदाने म्हणाली. "तुमच्या वीरासारखा!"

साळू धावत मागच्या खोलीत गेली. खोली रिकामी होती.

मातीत उमटलेली वळणे हुंगत ती ओढ्यापर्यंत आली. तिथे उघडे कातळ आहेत, आणि कातळावरून मुंगसाची रोजची वाट जाते. एका फटीत धामण अंग चोरून बसली होती. दगड लागून तिचा एक डोळा सुजला होता.

"घरी चल," साळू म्हणाली. "इथं मुंगूस येतं."

"माहीत आहे. मुंगसाला मी भूक लागली म्हणून हवी असते. पोरांना मी कशासाठी हवी आहे, तेच मला कळत नाही. मी जाईन तिथं तुझं ते चित्र माझ्या अंगावर येतं, साळू. तुला ते पुसता येईल का?"

हिरड्याची शाई पुसता येत नाही. हे साळूइतके कुणालाच ठाऊक नव्हते. तिला रडू आले, आणि नाक मोठे असल्यामुळे ते लपवताही आले नाही.

पाणथळीवर करकोचा परतीच्या प्रवासासाठी पंख साफ करीत होता. साळू त्याच्यापाशी गेली. "मी शेवट बदलला तर चालेल का हो?"

"शेवट माझा नाही, त्या जुन्या देवांचा आहे," करकोचा म्हणाला. "साप मरतोच. मग वीरही नऊ पावलं चालतो आणि सापाच्या विषानं कोसळतो."

"ती नऊ पावलं मी काढणार नाही. पोरं आठवडाभर जेवायची नाहीत."

"तुझी मर्जी. पण बाई, मी तुला साप सांगितला होता. त्याचा चेहरा काही मी सांगितला नव्हता."

साळू मान खाली घालून उभी राहिली. मग ती ओढ्याच्या संथ पाण्यापाशी गेली, पाण्यात डोकावली आणि तिथेच पान पसरून बसली.

बाजाराच्या दिवशी करवंदीच्या जाळीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. माकडांच्या पोरांनी दगड मुठीत घेऊनच जागा धरल्या होत्या. साळूने पान लावले आणि ती पानाखालीच उभी राहिली. चौकटीत कडाडले, धोपाटणे सुटले, पृथ्वीभोवतीचे वेटोळे सुटले, साप आडवा झाला. सगळे आरोळी ठोकणार तोच ती घशातच राहिली. सापाच्या पाठीवर काटे होते. तोंडापुढे बोथट मोठे नाक होते.

"हे तर साळूमावशीचं नाक!" एक ससा म्हणाला.

"हो. तो साप मीच आहे," साळू म्हणाली. "करा आता शेवट."

एक दगड आला. टाकणाऱ्याला टाकायचाही नव्हता बहुधा. हाताला तशी सवय लागली होती. तो साळूच्या नाकावर बसला आणि रक्ताचा थेंब आला. तिने काटा उभारला नाही.

"पण मावशी, तुम्ही दुष्ट नाही!" ती धाकटी पोर रडवेली होऊन म्हणाली.

"कशावरून?"

"आम्ही ओळखतो ना तुम्हाला!"

"आणि धामणीला?"

ही पोरे उड्या मारायला शिकली ती धामणीच्याच लांब पाठीवरून, आणि ती त्यांच्यासाठी तासन् तास हालत नसे. हे आता सगळ्यांना एकदमच आठवले.

"तो फणा मी काढला," साळू म्हणाली. "तिला तो कधीच नव्हता. चूक माझी आहे, आणि मला तिची फार आठवण येते आहे."

मग सगळे ओढ्याकडे धावले. साळू मागे पडली, धाकटी पोर सगळ्यांच्या पुढे. कातळाच्या फटीपाशी वाकून ती धापा टाकीत म्हणाली, "धामणमावशी, घरी चला! आम्ही तुम्हाला न्यायला आलोय!"

धामणीने फटीतून डोके बाहेर काढले. तिने त्या पोरीकडे सुजल्या डोळ्याने बराच वेळ पाहिले.

"येते हो," ती म्हणाली. "पण बाळ, आधी हातातला दगड खाली ठेव."

पोरीने दचकून आपल्या हाताकडे पाहिले. दगड अजून मुठीतच होता. तिने तो हळूच खाली ठेवला, आणि तिच्या मागे एकेक करून सगळ्यांच्या मुठी उघडल्या.

तात्पर्य : गोष्टीत दुष्ट हवा असेल तर खुशाल काढा, पण त्याला शेजाऱ्याचा चेहरा देऊ नका; गोष्ट संपून जाते, शेजाऱ्याला मात्र त्याच चेहऱ्याने जगावे लागते.