उतरलेली दोरी

फार फार वर्षांपूर्वी कोरियातल्या एका डोंगरगावात दोगिल नावाच्या म्हाताऱ्या तिरंदाजाकडे शिंगाचं धनुष्य होतं. तिथल्या रिवाजाप्रमाणे संध्याकाळी सराव संपला, की तो दोरी उतरवून पेटीत ठेवायचा. ताण सुटलेलं धनुष्य उलट्या बाजूला वळून भिंतीवर लटकायचं आणि सकाळपर्यंत दोरीसाठी झुरायचं.

एकदा न राहवून ते दोरीला म्हणालं, "आज उतरू नकोस गं." दोरीने धनुष्याच्या टोकाची खाच अशी घट्ट धरली, की दोगिलने अखेर नाद सोडला.

मग दोघं सोबतच राहिली. धनुष्याला आणखी काही नको होतं. पण बाण लक्ष्याच्या अलीकडेच पडू लागले.

"हात थकले माझे," दोगिल बायकोला म्हणाला. "उद्याचा एक बाण, मग पुरे."

धनुष्याने ते ऐकलं. म्हाताऱ्याचे हात होते तसेच होते. रात्रंदिवस ताणलेलं राहून सैल पडलं होतं ते स्वतःच.

"जा," ते दोरीला म्हणालं.

"करमेल तुला?"

"नाही. म्हणून तर जा."

त्या रात्री दोगिलने पुन्हा एकदा हात लावताच दोरी सुटली. सकाळी त्याने ती पुन्हा चढवली आणि शेवटचा म्हणून बाण सोडला. तो लक्ष्यावर थाडकन आदळला.

त्या संध्याकाळी दिवसभराचा सराव संपवून दोगिलने शीळ घालत दोरी उतरवली. धनुष्य मुकाट्याने उलटं वळलं आणि सकाळकडे डोळे लावून बसलं.