व्याह्यांची सोनेरी केबल

टीव्हीला स्पीकर जोडायची केबल निवडताना निवृत्त प्राध्यापक दिनकरराव मोघ्यांनी सगळा बाजार पालथा घातला आणि शेवटी साधीच केबल घेतली. घेतल्यावरही धाकधूक होतीच. त्यात सुनेचे वडील बापूसाहेब गद्रे मुक्कामाला आले. गाण्यातले फक्त आपल्यालाच कळते, असा त्यांचा तोरा.

"मोघे, इतकी पुस्तकं वाचलीत आणि ही सुतळी आणलीत?" टीव्हीवर एका गायिकेचे गाणे लावून ऐकताच ते म्हणाले. "बाईंना पडसं झाल्यासारखं वाटतंय." लगेच बाजारात जाऊन त्यांनी सोनेरी टोकांची जाडजूड केबल आणली, जोडून ठेवा म्हणून विहीणबाई कुमुदताईंच्या हाती दिली आणि जेवून आडवे झाले.

दिनकरराव कासावीस झाले. बापूसाहेब खरे ठरले, तर या घरात साधा बल्बसुद्धा आपल्याला विचारून कोणी आणणार नाही, हे त्यांना दिसत होते.

चहाच्या वेळी बापूसाहेबांनी तेच गाणे लावले आणि डोळे मिटून मान डोलावली. "आता ऐका. तानपुऱ्याची तार न् तार सुटी झाली. पटलं ना, मोघे?"

दिनकररावांनाही ती तार सुटी ऐकू येऊ लागली. ते हार मानणार, तोच कुमुदताई देवघरातून तबक घेऊन आल्या. तबकात हळदकुंकू लावलेली सोनेरी केबल वेटोळे घालून बसली होती.

"नवी वस्तू पूजेआधी आम्ही वापरत नाही," त्या म्हणाल्या. "पण बापूसाहेब, नुसती देवापुढे ठेवून एवढा फरक पडला, तर जोडून कशाला झिजवायची?"

बापूसाहेबांनी निमूट गाणे बंद केले. दिनकररावांनी, कोणालाही न विचारता, ते पुन्हा लावले.