पाचव्या पट्टीची खरखर

लाकूड आणि लोखंड बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका गिटारच्या दांडीवर तारांखाली धातूच्या आडव्या पट्ट्या होत्या; त्यातल्या पाचव्या पट्टीशी बोट दाबलं की तार खरखरायची. “हिलाच उपटून टाका!” शेजारची सहावी पट्टी कुरकुरायची.

एकदा दुरुस्तीसाठी कानस आली. पाचवीला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण कानस पाचवी, सहावी, सातवी अशा तिघींवर आडवी झाली आणि डुगडुगू लागली. “अगं, उंच तर सहावी आहे! बोट पाचवीशी दाबलं की तार हिच्या टाळक्याला घासते.”

“माझ्याशी दाबलं तर सूर कसा स्वच्छ येतो!” सहावी फणकारली.

“म्हणूनच तुला कळलं नाही, बाई,” म्हणत कानशीने तिला जरासं घासलं.

पाचवीचा सूर खणखणीत निघाला. “माझं काहीच काढलं नाहीस?” तिने हळूच विचारलं.

“काढण्यासारखं काही नव्हतंच गं.”